दुसरा भाग

दिवाळीच्या फराळाचा एक अनुभव आपणा सर्वांच्या गाठी असेल. नरक चतुर्दशीच्या पहाटे, अंगाला उटण्याचा वास येत असताना खाल्लेली पहिली चकली आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी डब्याच्या तळाशी हात घालून काढलेली शेवटची चकली, या दोन्ही एकाच घाण्यातल्या असतात. भाजणी तीच, तेल तेच, सोऱ्या फिरवणारे हातही तेच. तरी दुसरीला पहिलीची सर येत नाही. आपण म्हणतो, "मऊ पडली." पुष्कळदा ती खरोखरच मऊ पडलेली असते. पण कधी कधी चकली होती तशीच कुरकुरीत असते. मंदावलेली असते ती आपली भूक. अपेक्षाभंग झाला एवढे खरे. त्याचा दोष चकलीच्या पदरात टाकायचा की जिभेच्या, हे ठरवणे मात्र वाटते तितके सोपे नाही.

हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनात घर करून बसला आहे. त्याला निमित्त झाले एका चित्रपटाचे. खरे म्हणजे एका गाजलेल्या चित्रपटाच्या दुसऱ्या भागाचे. साहसाचे, पाठलागाचे, मारामारीचे चित्रपट हा काही चिंतनाचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. मी मॅट्रिक झालेला माणूस. दहावीला आमच्या घरात अजून मॅट्रिकच म्हणतात. पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या नि एका खाजगी शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कॉलेजात बसून नीतिशास्त्राची पुस्तके वाचण्याचा योग आला नाही. त्यामुळे नीतीचे जे काही प्रश्न माझ्या वाट्याला आले, ते असेच आडवाटेने, कधी वर्गात, कधी स्वयंपाकघरात आणि एकदा तर भाड्याच्या व्हीसीआरमधून आले.

१९८९ सालची दिवाळी. मी अकरा वर्षांचा होतो. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले. त्या काळी आमच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता आणि तोही काळा-पांढरा. दिवाळीच्या सुट्टीत वर्गणी काढून एका रात्रीपुरता रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, अंगणात सतरंज्या टाकायच्या आणि पहाटेपर्यंत एकामागून एक तीन चित्रपट पाहायचे, हा ठरलेला कार्यक्रम. त्या वर्षी मुंबईहून आलेल्या माझ्या मामाने आपल्याबरोबर एक इंग्रजी कॅसेट आणली होती. चित्रपट होता 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क'. १९८१ साली अमेरिकेत निघालेला तो चित्रपट आमच्या अंगणात पोचायला आठ वर्षे लागली. पण आम्हांला तो त्या रात्री ताजाच होता.

इंग्रजीचे एक अक्षर कोणाला कळत नव्हते. मामा मधूनमधून सांगे तेवढेच. पण त्या चित्रपटाला भाषेची फार गरज नव्हती. नायक पुराणवस्तूंचा प्राध्यापक. वर्गात चष्मा लावून शिकवतो आणि वर्गाबाहेर पडला की डोक्यावर हॅट, कमरेला चाबूक! मास्तर माणूस इतका पराक्रमी असू शकतो, हे आम्हांला नवेच होते. आमच्या मास्तरांचा पराक्रम छडीपुरताच आम्ही पाहिलेला. आरंभीच तो दक्षिण अमेरिकेतल्या एका पडक्या देवळात शिरतो, सोन्याची मूर्ती उचलतो आणि मागून भला मोठा वाटोळा धोंडा गडगडत येतो. त्या धोंड्याबरोबर आमची सारी सतरंजी मागे सरकली. आम्ही त्याचे नाव ठेवले 'चाबूकवाला'. हॅरिसन फोर्ड हे नटाचे नाव, स्टीव्हन स्पीलबर्ग हे दिग्दर्शकाचे आणि जॉर्ज ल्युकस हे मूळ कल्पना काढणाऱ्याचे नाव, हे सारे फार पुढे समजले.

त्या चित्रपटातला एक प्रसंग पुष्कळांना आठवत असेल. कैरोच्या बाजारात नायकापुढची गर्दी एकदम दुभंगते आणि काळ्या कपड्यांतला एक धिप्पाड अरब समोर उभा राहतो. हातातली भलीमोठी तलवार तो गरगर फिरवतो, या हातातून त्या हातात घेतो, हसतो. आता जंगी सामना होणार म्हणून आपण श्वास रोखतो. नायक घामेजलेला, कंटाळलेला. तो पिस्तूल काढतो, एक गोळी झाडतो नि वळतो. अरब आडवा!

आमचे अंगण हसून फुटले. मामाने कॅसेट मागे नेऊन तो प्रसंग पुन्हा दाखवला. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी माझी आजी, जी भिंतीला टेकून जागी होती, काहीतरी पुटपुटली. आम्ही सर्वांनी तिला "आजी, गप की!" म्हणून गप्प केले. ती काय म्हणाली होती, ते पुढे सांगतो.

त्यानंतरचे सबंध वर्ष आम्ही चाबूकवाल्याच्या नादात काढले. गोठ्यातले दावे हा आमचा चाबूक. गावाबाहेरची पडकी गढी हे आमचे देऊळ. आणि दुसरा भाग निघाला आहे, पुढल्या दिवाळीला घेऊन येतो, असे मामाने वचन दिलेले. वाट पाहण्याचे सुख किती असते, हे ज्याने लहानपणी काही मागवले आहे त्यालाच ठाऊक. आणि मामाच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, जिने आमच्या आनंदाला उधाण आले: या भागाची कथा आपल्या हिंदुस्थानात घडते!

चाबूकवाला आपल्या घरी येणार! गावोगावी पाहुणे येतात, पण असा पाहुणा? कोणी म्हणे, तो आता आपल्या किल्ल्यांत खजिना शोधील. कोणी म्हणे, एखादा आपल्याकडचा गडी त्याचा जोडीदार होईल. मला मनातून वाटे, चुकून तो सोलापूरला आला तर आपणही त्याला काही दाखवू. त्या वर्षी आम्ही बेत बदलला. इंग्रजी चित्रपट शेवटी न ठेवता पहिलाच लावला, गल्लीतली सारी मंडळी जागी असताना. देवीचे काहीतरी आहे म्हणे, असे कानांवर आल्यामुळे आजी अगदी पुढे येऊन बसली. आजी तुळजापूरची वारीकरीण. तिच्या गळ्यात कवड्यांची माळ असे.

'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम', साल १९८४. हिशेबाने पाहिले तर ती आधीची कथा. पहिल्या भागातल्या घटना १९३६ मधल्या, या १९३५ मधल्या. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नायक, एक गाणारी बाई आणि एक चिनी पोर, असे तिघे शांघायहून पळताना हिमालयात पडतात नि एका उजाड खेड्यात येतात. खेड्यातला पवित्र दगड चोरीला गेला आहे, मुले नाहीशी झाली आहेत. शोध घेत तिघे पानकोट नावाच्या राजवाड्यात पोचतात. तिथे मेजवानी होते. आणि काय मेजवानी! मोठ्या सापाचे पोट फाडून त्यातून वळवळणारी पिल्ले काढून खातात, किडे फोडून खातात, सुपात डोळे तरंगतात आणि शेवटचे गोड म्हणून माकडाच्या डोक्यातला गार मेंदू. वाड्याच्या खाली भुयार, भुयारात कालीचे देऊळ आणि देवळात तिच्या नावाने ओरडत जिवंत माणसाच्या छातीत हात घालून काळीज उपटणारा पुजारी. पळवलेली मुले तिथल्या खाणीत साखळदंडांत राबत असतात. शेवटी नायक मुलांना सोडवतो.

आमच्या अंगणात त्या रात्री हशा नव्हता. मेजवानीच्या वेळी बायकांनी पदर तोंडाला लावले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हे कुठलं गाव रे?" मामा ओशाळून म्हणाला, "आपलंच दाखवलंय." खेड्यातली माणसे बोलत होती ती भाषाही आम्हांला कळेना. मी मनात म्हटले, असेल कुठली तरी उत्तरेकडची. (ती सिंहली होती, हे पुढे कळले, ते सारे चित्रण श्रीलंकेत, कँडीच्या बाजूला झालेले.) आणि पुजाऱ्याने काळीज उपटून वर धरले तेव्हा आजी सावकाश उठली. जाताना एवढेच म्हणाली, "ही आपली आई न्हवं." नि आत जाऊन निजली.

माझ्या आयुष्यातला तो पहिला मोठा अपेक्षाभंग. राग आला, रडूही आले. ज्या पाहुण्यासाठी वर्षभर उंबऱ्याशी उभे राहिलो, तो घरात येऊन म्हणाला होता, तुम्ही साप खाता आणि तुमची आई माणसे खाते.

पुढे वय वाढले, वाचन वाढले नि या रागाला पुराव्यांचे बळ मिळाले. चित्रपटाची संहिता वाचून आपल्या सरकारने बदल मागितले होते, ते न पटल्यामुळे ही मंडळी श्रीलंकेला गेली, असे वाचले. भारतात या चित्रपटावर काही काळ बंदीही होती. पुजाऱ्याचे काम करणारे अमरीश पुरी. म्हणजे श्याम बेनेगलांच्या 'भूमिका'मध्ये, हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावरून १९७७ साली निघालेल्या त्या चित्रपटात, विनायक काळ्यांचे काम करणारे तेच जबरदस्त नट. आणि सापांच्या मेजवानीत यजमानपणा करणारे दिवाण झाले होते रोशन सेठ, ज्यांनी अवघ्या दोनच वर्षांपूर्वी, १९८२ च्या 'गांधी'मध्ये पंडित नेहरूंची भूमिका केली होती! नेहरूंच्या पंगतीतून एकदम या पंगतीत. पुरींनी आपल्या आत्मचरित्रात या चित्रपटाची बाजू घेतली आहे. ती एक कल्पित कथा होती, तिला इतके मनावर घेऊ नये, असा त्यांचा सूर. उलट स्पीलबर्ग यांनीच पुढे कबूल केले की हा चित्रपट आपल्याला स्वतःला फारसा आवडत नाही, तो फार काळोखा झाला.

चित्रपट म्हणूनही तो पहिल्यापेक्षा उणा आहे, असे मी आजही म्हणेन. पहिल्या भागात एक शोध होता. एक धागा पकडून दुसऱ्याकडे जाणे होते. दुसऱ्यात धक्क्यावर धक्का, किंकाळीवर किंकाळी. पहिल्या भागातली नायिका मेरियन हिमालयात स्वतःची खानावळ चालवणारी, पुरुषाशी पैज लावून दारू पिऊन त्याला हरवणारी. दुसऱ्यातली बाई आरंभापासून शेवटपर्यंत ओरडते. जिथे कल्पना संपते तिथे आवाज वाढवावा लागतो, हे आम्ही कथालेखकही जाणतो.

आणि इतिहास? चित्रपटातले ते पंथवाले म्हणजे ठग. ठगांचा बोलबाला विलियम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या मोहिमेमुळे झाला. १८३५ साली त्याच्या हाती ठगांच्या बंदोबस्ताचे सारे खातेच सोपवले गेले. १८३९ साली मेडोज टेलर याची ठगावरची इंग्रजी कादंबरी विलायतेत अतोनात गाजली. तिच्यातले ठगसुद्धा रुमालाने गळा आवळतात. काळीज उपटत नाहीत. तो प्रकार मेक्सिकोच्या जुन्या ॲझ्टेकांचा, इकडे आणून चिकटवलेला. गंमत अशी की हा टेलर आमच्याच बाजूचा म्हणायचा. सोलापूरहून हैदराबादकडे जाताना नळदुर्ग लागते, त्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार १८५३ पासून काही वर्षे त्याच्याकडे होता. तुळजापूर तेथून जवळच. त्याच तुळजापुरातल्या, भवानीला वाहिलेल्या एका मुलीवर त्याने १८६३ साली 'तारा' नावाची कादंबरी लिहिली आणि ती पुष्कळ आपुलकीने लिहिली. तिथे राहिला, माणसे पाहिली, म्हणून त्याचे लिहिणे बदलले असावे असे मला वाटते.

हे सारे मी पंधरा-सोळा वर्षे वर्गात सांगत आलो. कोणी शिक्षक रजेवर असले की रिकामा तास माझ्याकडे येई. मुले म्हणत, "सर, ती सापाच्या मेजवानीची गोष्ट!" मग मी रंगात येऊन सांगे. फळ्यावर पानकोटचे ताट काढी. मुले हसत, मग रागावत, आणि शेवटी मी गंभीर होऊन सांगे, "पाहा मुलांनो, ज्याला आपण ओळखत नाही त्याच्याबद्दल वाटेल ते रचून सांगणे, याला अन्याय म्हणतात." तास संपल्याची घंटा होई. मला आपले बोलणे आवडलेले असे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. असाच एक तास संपवून मी खडूचे हात झटकत होतो. नववीतला एक मुलगा मागे रेंगाळला. पारधी समाजातला, गावाबाहेरच्या पालावरून येणारा. चित्रे बरी काढायचा, बोलायचा कमी. त्याने दप्तरातून एक पुस्तक काढले. शाळेच्या ग्रंथालयातली प्रत, माझीच कादंबरी. पहिल्या कादंबरीला वाचक मिळाले म्हणून प्रकाशकाच्या आग्रहावरून लिहिलेली ही दुसरी; हिच्यात मी रहस्य आणि पाठलाग घातला होता. ती पहिलीपेक्षा जास्त खपली.

त्याने खूण घातलेले पान उघडले. म्हणाला, "सर, ह्यातला रात्री वाड्यात शिरणारा पारधी... तुम्ही कुठं बघितला?"

मी म्हटले, "अरे, ती कादंबरी आहे. कल्पना असते ती."

तो जरा थांबला. "मेजवानीपण कल्पनाच हुती ना सर?"

मग घाईघाईने, मला राग येईल या भीतीने म्हणाला, "तसं नव्हे सर. आमच्याकडं पोलीस येतात ना, कुठं चोरी झाली की पहिले पालावरच येतात. मागच्या खेपेला माझ्या चुलत्याला नेला. तो घरातच हुता. म्हणून विचारलं." आणि पुस्तक टेबलावर ठेवून गेला.

मी बराच वेळ त्या पानाकडे पाहत उभा राहिलो. वाईट लिहिलेले नव्हते ते पान. अमावास्या होती, कुत्री भुंकत होती, कौलावरून काळी आकृती सरकत होती. वाचकाचा श्वास रोखला जावा म्हणून मी एक आकृती आणली होती आणि ती कोणाची, हे सांगायला मला एक शब्द पुरला होता. तो शब्द वाचताच वाचक समजून घेतील, समजवावे लागणार नाही, याची मला खात्री होती. ती खात्री मला कोणी दिली?

मी शोधू लागलो तर तीच वाट निघाली जिच्यावरून मी इतकी वर्षे मुलांना नेत होतो. ठगांच्या मोहिमेत सरकारला एक कल्पना सापडली, की गुन्हा हा काही लोकांच्या जातीतच असतो, बापाकडून मुलाकडे येतो. तीच कल्पना पुढे कायद्याच्या अंगाने वाढली आणि १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. सबंध जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या; हजेरी द्या, परवान्याशिवाय गाव सोडू नका. आमच्या सोलापुरात तर अशा लोकांना डांबून ठेवणारी तारांच्या कुंपणाची 'सेटलमेंट' होती. तो शब्द तिथल्या वस्त्यांच्या नावांत अजून रेंगाळतो आहे. स्वतंत्र भारतात हा कायदा गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे लोक 'विमुक्त' झाले. कागदावर झाले. माझ्या कादंबरीच्या त्या पानावर मात्र साठाहून अधिक वर्षांनंतरही ते मुक्त नव्हते. पानकोटचे भुयार जिथून खणायला सुरुवात झाली, त्याच जागी माझ्या वाड्याचेही कौल उघडत होते.

आणि तेव्हा मला आजीचे ते पहिल्या दिवाळीतले पुटपुटणे आठवले. अरब तिसऱ्यांदा आडवा झाला तेव्हा ती म्हणाली होती, "त्यानं काय केलं हुतं रे? कुनाचा तरी ल्योक असंल की."

आम्ही तिला गप्प केले होते!

वाचकहो, त्या दिवसापासून माझा अपेक्षाभंगाचा हिशेब पार विस्कटला. मी इतकी वर्षे म्हणत होतो की पहिला भाग सुंदर होता नि दुसऱ्याने घात केला. पण दुसऱ्या भागाने नवे असे काय केले होते? कैरोच्या बाजारात जो अरब उभा होता, त्याला नाव नव्हते, घर नव्हते. तो तलवार घेऊन उभा होता आणि अरब होता, एवढे कारण गोळी घालायला पुरे झाले. मूळच्या बेतात तिथे तलवार नि चाबूक यांची चांगली लांबलचक झटापट व्हायची होती; पण ट्युनिशियात चित्रण चालू असताना फोर्ड यांचे पोट बिघडलेले, तेव्हा एका गोळीत काम उरकायचे ठरले, असे सांगतात. तो अरबही अरब नव्हता. टेरी रिचर्ड्स नावाचा इंग्रज कसरतपटू होता. जिथे खरा माणूस कोणी नव्हताच, तिथे त्याची आई कुठली? पण आजीने ती पाहिली. मी नाही पाहिली, कारण मी त्या वेळी पिस्तुलाच्या बाजूला उभा होतो. पुढल्या वर्षी कॅमेरा नुसता फिरला नि मी तलवारीच्या बाजूला आलो. चित्रपट तोच होता. बसण्याची जागा बदलली होती.

दुसऱ्या भागातच याची एक गमतीची खूण आहे. शेवटाकडे नायकापुढे दोन तलवारवाले येतात. तो ओळखीचे हसतो, पिस्तुलाकडे हात नेतो आणि म्यान रिकामे! पहिल्या भागातला विनोद पुन्हा मागणाऱ्या प्रेक्षकाला दिग्दर्शकाने केलेला हा चिमटा. आपल्याला पुन्हा तेच हवे असते. ते मिळाले नाही की आपण रागावतो. आणि आधी मिळाले होते ते नेमके काय होते, हे पाहायला मात्र सवड नसते.

अपेक्षाभंगाचे मला आता तीन प्रकार दिसतात. एक चकलीचा: वस्तूच उणी उतरते. मग दुकान बदलावे, तक्रार करावी. त्यात गैर काही नाही. दुसरा जिभेचा: वस्तू तीच, भूक सरलेली. त्याला इलाज थोडा उपास. तिसरा प्रकार अवघड. त्यात दुसऱ्या वेळी आपल्याला जी कडू चव लागते ती पहिल्या घासातही असते. फक्त तेव्हा कडू वाटा दुसऱ्याच्या ताटात पडलेला असतो. हा तिसरा अपेक्षाभंग झाला की माणूस बहुधा ओरडतो, "माझा अपमान झाला!" आणि ते खरेच असते. आजीचा अपमान झालाच होता; तो मी कमी लेखणार नाही. प्रश्न एवढाच की त्या ओरडण्यापाशी थांबायचे, की एक पाऊल मागे जाऊन विचारायचे, कालच्या माझ्या हसण्यात कोण गप्प बसला होता?

'स्वतःचे ठेवावे झाकून, दुसऱ्याचे पाहावे वाकून' अशी म्हण आपण हसत हसत वापरतो. मी पंधरा वर्षे पानकोटच्या ताटात वाकून पाहिले आणि स्वतःचे पान झाकून ठेवले.

यावर एक आक्षेप मी स्वतःलाच पुष्कळदा घेतला आहे. इतका काटेकोरपणा केला तर गोष्ट सांगायची तरी कशी? गोष्टीत खलनायक हवाच. तो कुठल्या तरी जातीचा, धर्माचा, देशाचा असणारच. प्रत्येकाच्या आईचा विचार करीत बसले तर तलवारही निघायची नाही नि पिस्तूलही. या आक्षेपात तथ्य आहे. मुलांना भीती हवी असते, धोंडा गडगडत यायला हवा असतो. ते सुख त्यांच्याकडून काढून घेणे हाही एक रूक्षपणाच. माझे म्हणणे एवढेच की खलनायकाला त्याचा स्वतःचा दोष असू द्यावा. त्याने काय केले, या आजीच्या प्रश्नाला गोष्टीत उत्तर असावे. "तो त्यांच्यातला होता" हे उत्तर नव्हे. माझ्या कादंबरीतल्या त्या काळ्या आकृतीला मी काय कारण दिले होते? काहीच नाही. तीन अक्षरांचा एक शब्द. लेखक म्हणून तो आळस होता. माणूस म्हणून काय होते, ते त्या मुलाने चुलत्याचे नाव काढून सांगितले.

त्या मुलाची मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. तो अवघडला. "राहू द्या सर," म्हणाला. माझ्या माफीने त्याच्या चुलत्याचे काही भले होणार नव्हते, हे आम्हां दोघांनाही कळत होते. दोन वर्षांनी कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मी ते प्रकरण नव्याने लिहिले. वाड्यात शिरणारा आता वाड्यातलाच एक जण आहे, कर्जात बुडालेला. आणि पाटलांच्या सांगण्यावरून पोलीस पालावर जातात. एका जुन्या वाचकाचे पत्र आले: दुसऱ्या आवृत्तीने निराशा केली, पहिली जास्त रंगतदार होती. ते पत्र मी जपून ठेवले आहे. त्यांची निराशा मला समजते. मीही एके काळी सतरंजीवर बसून तिसऱ्यांदा हसलो होतो.

पण पहिल्या आवृत्तीच्या प्रती अजून हिंडत असतील. ग्रंथालयांतून, रद्दीतून, कोणाच्या उशाशी. त्या मला परत बोलावता येत नाहीत.

चाबूकवाल्याचे पुढेही भाग निघाले: १९८९ मध्ये, २००८ मध्ये, २०२३ मध्ये. फोर्ड म्हातारे झाले. गेल्या दिवाळीत माझ्या मुलीने, ती अकराच वर्षांची, हट्ट धरला की बाबांच्या लहानपणीचा तो चित्रपट पाहायचा. आता वर्गणी नको, भाडे नको. घरातल्या घरात लावला. पहिला भागच लावला. धोंडा गडगडत आला तेव्हा ती सोफ्यावर मागे सरकली नि मला पस्तीस वर्षांपूर्वीची सतरंजी आठवली. मला खरे सांगायचे तर तो चित्रपट अजून आवडला. लपवून काय करू?

मग कैरोचा बाजार आला. गर्दी दुभंगली, तलवार फिरली, गोळी सुटली. मुलगी खदखदून हसली. हात नकळत रिमोटकडे गेला होता. तिला काही समजावून सांगावे म्हणून. मी तो मागे घेतला. तिच्या हसण्यावर मास्तरकी करण्याचा अधिकार मला नव्हता, आणि ऐन दिवाळीत तर मुळीच नव्हता.

चित्रपट संपल्यावर फराळाचे ताट घेऊन बसलो तेव्हा मी तिला तिच्या पणजीची गोष्ट सांगितली. दोन दिवाळ्यांची, दोन्ही वाक्यांसकट. तिने ती ऐकली. थोडा वेळ चकली हातात तशीच धरून म्हणाली, "पण बाबा, पणजीला तुम्ही गप्प का केलंत?"

या प्रश्नाचे उत्तर म्हणून मी हा सारा लेख लिहिला आहे. तो तिला वाचून दाखवीन तेव्हा तिला पुरेल की नाही, ते मला माहीत नाही.